जावयाचं पिंप

पिंपातून आवाज येत नसेल तर ते चांगलं की वाईट, हे मला अजूनही माहीत नाही. आवाज येत असेल तर काय, ते मात्र आता आमच्या गोडोलीतल्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

यंदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं, अनारसे द्यायचे, धोंड्याचं जेवण घालायचं, आणि मुख्य म्हणजे जावई मागेल ते नाही म्हणायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. आमच्या घरचा म्हणजे माझ्या बायकोचा, क्षमाचा. माझ्या सासऱ्यांनी हा नियम पाळल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना हातघड्याळ मागितलं होतं, त्यांनी मला एक तांब्या दिला. पण ते असो.

आमचा जावई शिवतेज. मूळचा जत तालुक्यातला. वडील आप्पासो पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, आता डाळिंबाची बाग करतात. शिवतेज पुण्यात कुठल्याशा कंपनीत यंत्रांना अक्कल देतो. पोरगा हुशार, निर्व्यसनी (असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो), आमच्या ज्ञानदाला जपणारा. त्याच्यात दोष म्हणून एकच. तो मला ‘सर’ म्हणतो.

मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. लोक यायचे, ‘नळाला दाब नाही’ म्हणायचे, आणि मी ‘वरूनच दाब कमी आहे’ म्हणायचो. एवढ्या वर्षांत यापलीकडे काही बोलायची वेळ आली नाही. मग मी सर कसा? त्यांच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. आप्पासोंचा धाकटा जावई लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर ओरडला होता, “आवं मामा, माजी चप्पल कुटं टाकली?” आणि आप्पासो तितक्याच जोरात, “मी काय तुजी चप्पल राकत बसतुय व्हय रं?” ते ऐकून मला इतका हेवा वाटला की मी तीन दिवस त्याबद्दल क्षमाशी बोललो. क्षमाला त्याचं काहीच नाही. तिला तो पहिल्या दिवसापासून ‘मामी’ म्हणतो. मामीचा नवरा सर, हे कुठलं नातं? मला एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून मामा ऐकायचं होतं. मागून मिळण्यातली ही गोष्ट नाही, म्हणून मी मागितलं नव्हतं.

तर क्षमानं फोन केला. “जावईबापू, यंदा धोंड्याला काय हवंय?”

दरवर्षी एरवीच्या सणाला तो “काही नको, राहू द्या मामी” म्हणायचा. या वेळी म्हणाला, “मामी, तुमच्या कोठीच्या खोलीत एक पिंप ठेवू का?”

ते पिंप बिअरचं होतं. पुण्यात घरी त्यानं छंद म्हणून बनवलेली. जव भिजवून, उकळून, थंड करून, आंबवून. त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, मे महिन्यात त्या खोल्या तापतात, आणि आमच्या कोठीच्या खोलीला शहाबादी फरशी आणि उत्तरेची खिडकी. शिवाय त्याला कंपनीच्या कामाला चेन्नईला जायचं होतं. धोंड्याच्या जेवणाला परत येणार, तेव्हा पिंप घेऊन जाणार.

आता धर्मसंकट. महिना पुरुषोत्तमाचा, आणि घरात बिअर? क्षमा अर्धा दिवस विचारात होती. मग तिनं निकाल दिला. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. विष्णूची वस्तू आपल्या घरात आली तर तिच्यात काय आहे हे आपण बघायचं नसतं. मला हे पटलं की नाही ते मला कळलं नाही, पण तोवर तिनं खोली झाडून घेतली होती.

शिवतेज गाडीतून पिंप घेऊन आला. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकचं, पोट सुटलेलं, खाली नळ, वर मोठं फिरकीचं झाकण, त्यात रबराची एक इवलीशी झडप. त्यानं ते लहान बाळासारखं उचलून चौरंगावर ठेवलं.

“सर, आत थोडी साखर घालून बंद केलंय. गॅस आपोआप तयार होईल. त्यानंच दाब राहतो. जास्त झाला तर या झडपेतून आपोआप निघून जाईल.”

“मग मी काय करायचं?”

“काहीच नाही. उघडायचं नाही, नळ सोडायचा नाही. दाब गेला की सगळं पाणचट. मधनंमधनं लक्ष ठेवा फक्त. आणि आमच्या आप्पांना कळू देऊ नका, सर. ते माळकरी नाहीत, पण दारूचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात.”

सगळ्या गोंधळाचं मूळ त्या ‘लक्ष ठेवा’त आहे, असं माझं आजचं मत आहे. लक्ष ठेवायचं आणि काहीच करायचं नाही, हे एकाच वेळी कसं जमवायचं? नोकरीत मला ते जमत होतं, पण तिथं पगार होता.

दुसऱ्या दिवशी क्षमानं पिंपाला हळदकुंकू लावलं आणि वर तिची जुनी जरीची खणाची चोळी पांघरली. त्याच वेळी समोरचे नानासो आले. नानासो म्हणजे निवृत्त सुभेदार. आमच्या घरात शिरायला त्यांना दार वाजवावं लागत नाही, आणि ते वाजवतही नाहीत.

“वैनी, ही कसली पूजा मांडलीया?”

क्षमाला खोटं बोलता येत नाही. तिनं अर्धं खरं सांगितलं. “जवाचं पाणी आहे.”

“जवाचं?” नानासोंचा चेहरा फुलला. “आवं, मला डागदरनं जवाचं पाणी लिवून दिलंय! मूतखड्याला!”

आता मी काय बोलणार? हे ते पाणी नव्हे, म्हणालो असतो तर मग कुठलं, असा प्रश्न आला असता. नानासोंना कळलं की गल्लीला कळतं, आणि गल्लीला कळलं की जतपर्यंत जायला एक एसटी पुरते. मी म्हणालो, “थोडंसंच घ्या. जावयाचं आहे.”

मी वाटी धरून नळ सोडला. फुस्स करून असा फेस आला की वाटीत पाणी कमी आणि फेसच जास्त. नानासोंनी एक घोट घेतला. मग डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लष्कराच्या कँटीनची सगळी वर्षं होती.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “ये दवाई तो एकदम फर्स्ट क्लास हाय. रोज सकाळ-सांज घ्यायला लागंल. कोर्स मोडून न्हाई चालत.”

त्या दिवसापासून त्यांचा कोर्स सुरू झाला. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण त्यांनी ओळखलंय हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. दोघंही मूतखड्याबद्दल बोलत राहिलो.

माझ्या मनात मात्र दाबाची काळजी सुरू झाली. दाब आहे की नाही, हे कळायचं कसं? पिंपाला कान लावला, गप्प. म्हणजे दाब नाही? की दाब आहे म्हणूनच गप्प? बायकोला गप्प केलं की आत दाब साठतो म्हणतात, पण क्षमाला मी कधी गप्प केलेलं नाही, त्यामुळे हेही ऐकीव. शेवटी मी खात्रीसाठी नळ थोडा सोडून बघू लागलो. सकाळी एकदा, दुपारी एकदा. प्रत्येक वेळी फेस आधीच्यापेक्षा कमी. मग एके सकाळी नानासोंच्या वाटीत नळातून नुसती बारीक धार पडली, थकल्यासारखी.

नानासो वाटीत बघत म्हणाले, “साहेब, दाब न्हाई.”

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “वरूनच कमी आहे.”

शिवतेजला फोन करावा का? पण काय सांगायचं? की तुझ्या पिंपाकडे लक्ष ठेवता ठेवता मी त्यातला दाबच संपवत आणला? पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं होतं. एक पिंप सांभाळता आलं नाही, तर जन्मभर सरच राहणार. मी ज्ञानदाला फोन करून आडून विचारलं, “समजा एखाद्या पिंपातला दाब कमी झाला, तर?” ती म्हणाली, “बाबा, हात लावू नका,” आणि फोन ठेवला. तिची आईपण असंच बोलते.

गॅस गेला असेल तर गॅस घालायचा, एवढं पाणीपुरवठ्याच्या माणसालाही समजतं. सोड्यात असतो तोच गॅस. मी औद्योगिक वसाहतीत एका गॅसवाल्याकडे गेलो. तिथल्या माणसानं अर्ज दिला. त्यात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. बराच विचार करून मी ‘कौटुंबिक’ लिहिलं.

तो म्हणाला, “काका, कौटुंबिक कार्बन डायऑक्साइड देत नाय आमी.”

“मग कुठला देता?”

“कारखान्याला, नायतर कोल्ड्रिंकला. तुमचं काय हाय?”

“एक पेय आहे. जवाचं.”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग आदी परवानगी आना.” आणि कुठून आणायची ते सांगितलं. त्या खात्याचं नाव मी घेत नाही, आम्हा सरकारी माणसांत तेवढी भावकी असते.

त्या कचेरीत पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जेवायला गेलेल्या तिसऱ्याकडे. तिसरे साहेब डबा संपवून आले. मी फार अदबीनं विचारलं, “समजा, एखाद्या गृहस्थाच्या जावयानं घरगुती स्वरूपाचं जवाचं पेय, आंबवलेलं, गृहस्थाच्या घरी ठेवलं, तर कुठला अर्ज लागतो?”

साहेबांनी दात कोरणं थांबवलं. “तुम्ही विचारायला आलाय का कबूल करायला?”

मला हे आधी ठरवून जायला हवं होतं. मी म्हणालो, “मी दुसऱ्याच्या वतीनं आलोय. मेव्हण्याचे शेजारी आहेत.”

“त्यांचा पत्ता?”

मी म्हणालो की पत्ता विचारून येतो, आणि जो निघालो तो पोवई नाक्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो. या बाजूची खुर्ची एवढी टोचते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग नानासोंनीच उंब्रजच्या कृष्णातचं नाव काढलं. हायवेला त्याचं सोड्याचं दुकान. “गोटी सोडा बनिवतो. गॅसमदी त्याच्यावानी मास्टर न्हाई.” आम्ही दोघं स्कूटरवरून उंब्रजला गेलो. उन्हात नानासोंच्या मूतखड्याला धक्के बसू नयेत म्हणून हळू गेलो, त्यामुळे मागचे ट्रक आम्हाला काय काय म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.

कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं. गोटी सोडा त्यानं कधीच बंद केला होता, आता तो तयार बाटल्या आणून विकत होता. पण सल्ला द्यायला तेवढ्यानं अडत नाही.

“लय सोपं हाय. झाकणाचं रबर गेलं आसंल. उगडून बगा.”

“उघडायचं नाही असं सांगितलंय.”

“आवं, उगडल्याबिगर कसं कळणार रबर गेलंय का न्हाई?”

मी स्कूटरला किक मारली.

घरी येऊन आम्ही झाकण उघडलं. पिंपानं एक लांबलचक सुस्कारा टाकला, आणि मग पूर्णच गप्प झालं. रबर चांगलं होतं. नानासो म्हणाले, “बगा, रबर ओके रिपोर्ट.” म्हणजे दाब होता, तो आत्ता आम्ही सोडला. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. मला खरोखर रडू येत होतं. बिअरचं नव्हे. चेन्नईत तो पोरगा निर्धास्त झोपत होता, याचं.

क्षमा अनारशाचं पीठ हातानं सारखं करत दारात उभी होती. गेले काही दिवस मी आणि नानासो त्या खोलीत आत-बाहेर करत होतो, ते ती बघत होती.

“जावईबापूंनी साखर घातली होती म्हणालात ना? साखरेनंच गॅस धरतो ना?”

“हो.”

“मग परत घाला. त्यात काय. पण साखर कशाला, गूळ घाला. अनारशाचं पीठ साखरेचं आणि गुळाचं, यात आंबतं कुठलं चांगलं?”

क्षमाच्या अनारशाला अख्ख्या साताऱ्यात तोड नाही. जाळी अशी पडते की पलीकडचं दिसावं. अशा बाईनं आंबवण्याबद्दल सांगितल्यावर मी कोण विचारणार? किती घालायचा, एवढंच विचारलं. ती म्हणाली, “पिठाच्या मानानं.” आता पिंपभर पिठाला जेवढा गूळ लागेल तेवढा, म्हणजे कराडच्या पिवळ्याधमक ढेपेतला निम्मा गूळ आम्ही किसून आत घातला. झाकणाच्या रबराला क्षमानं साजूक तूप लावलं, चिकटू नये म्हणून. मी झाकणाच्या आट्यांना नळाची टेप गुंडाळली. हे मात्र माझं काम होतं, आणि ते मी मन लावून केलं.

दोन दिवसांत पिंप बोलायला लागलं. आधी बारीक बुडबुड, मग गुरगुर. मी खोलीत जाऊन ऐकत बसायचो. काय सांगू तो आनंद! आता नळाला मी हात लावत नव्हतो आणि नानासोंचा कोर्सही बंद केला होता. त्यांनी मूतखडा दुखतोय म्हणून पाहिलं, मी ढिला पडलो नाही.

मग झडपेतून सुंई असा आवाज सुरू झाला. अगदी सतत.

“लीकेज!” नानासो म्हणाले. “येवढी मेहनत करून दाब हितनं चाललाय सगळा.”

शिवतेज झडपेबद्दल काहीतरी म्हणाला होता. जास्त झालं की, की कमी झालं की? ‘आपोआप’ हा शब्द तेवढा आठवत होता. पण जाणारा दाब मी आयुष्यभर पाहिला होता, आणि गळती दिसली की बुजवायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. नानासोंनी घरून लांबी आणली, खिडकीच्या काचेला लावतात ती. आम्ही झडप व्यवस्थित बुजवली. वरून खात्री म्हणून नानासोंनी क्षमाचा मसाला वाटायचा पाटा उचलून झाकणावर ठेवला.

“आता ह्याचा बाप आला तरी उडणार न्हाई,” ते हात झटकत म्हणाले.

झाकण उडालं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं आजही सांगतो.

धोंड्याचा दिवस उजाडला. सकाळपासून घामाच्या धारा. पिंपाचं पोट दोन दिवसांत चांगलंच पुढं आलं होतं, आणि गुरगुर थांबून ते एकदम शांत झालं होतं. गप्प म्हणजे दाब आहे की नाही? मी पुन्हा पहिल्या प्रश्नावर आलो होतो. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण जतहून आप्पासो आणि हरणाबाई आले. पाठोपाठ ज्ञानदा आणि शिवतेज.

शिवतेजनं वाकून नमस्कार केला. “कसंय सर, सगळं ठीक?” आणि डोळ्यानं कोठीकडे खूण केली.

“एकदम,” मी म्हणालो. “दाब भरपूर आहे.”

तो इतका खूश झाला की मला सगळ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं. तो पिंप बघायला उठणार, एवढ्यात क्षमानं त्याला पाटावर बसवलं, कारण मुहूर्त टळत होता. पाट नेमके कोठीच्या खोलीच्या दारासमोर मांडले होते, कारण तिथं गार लागतं. मध्ये शिवतेज, एका बाजूला आप्पासो, दुसऱ्या बाजूला मी. आप्पासोंनी आत डोकावून चोळी पांघरलेलं, हळदकुंकू लावलेलं, डोक्यावर पाटा घेतलेलं ते पांढरं रूप पाहिलं आणि बसल्या बसल्या हात जोडले.

“पावणं, ह्यो कंचा देव?”

“जवाचा,” मी म्हणालो.

क्षमानं ताम्हणात अनारसे घेतले, वर दिवा ठेवला, आणि शिवतेजला ओवाळायला लागली. हरणाबाईंनी पदर सारखा केला. दिव्याची पहिली फेरी, दुसरी फेरी.

झाकणावर पाटा. झडपेत लांबी. वरून दाबाला जायला जागा नव्हती, म्हणून तो खालून गेला.

एवढा मोठा आवाज मी फक्त पाइपलाइन फुटताना ऐकला होता. पिंपाचा नळ सुटला, दारातून सरळ बाहेर आला, आमच्या डोक्यांवरून गेला आणि आमरसाच्या पातेल्यात पडला. त्याच्यामागून बिअरची जाडजूड धार. धार बरोबर पाटावर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीची. दिवा विझला, अनारसे वाहून गेले, आप्पासोंचा फेटा भिंतीला जाऊन चिकटला.

“आगं बया! घर फुटलं!” हरणाबाई ओरडल्या.

बाहेरून नानासोंची आरोळी आली, “पोझिशन! सगळे आडवे व्हा!”

शिवतेज मात्र आडवा झाला नाही. तो त्या धारेत तसाच आत पळाला, अंगावरचं नवं उपरणं बोळा करून नळाच्या भोकात कोंबलं, ते दोन्ही हातांनी दाबून गुडघ्यावर बसला. मग त्यानं वर पाहिलं. पाटा पाहिला. लांबी पाहिली. टेप पाहिली. एक हात सोडून झाकणाच्या कडेचं तूप हुंगलं, मग ओठांवरचा गूळ चाखला. त्याचं पुणेरी मराठी गळून पडलं.

“आवं मामा!” तो ओरडला. “ह्ये काय करून ठिवलंय? हात लावू नगा म्हनलं हुतं का न्हवतं? का न्हवतं, मामा? झडप कुनी बुजिवली? आवं, मान्सं मेली असती की हितं! डोस्कं हाय का न्हाई तुमास्नी, मामा?”

तीन मामा. मी मोजले. माझ्या भुवयांवरून फेस गळत होता, शर्ट छातीला चिकटला होता, आणि आवाजानं खिडकीशी जमलेल्या उभ्या गल्लीच्या देखत जावई मला झापत होता. सरांना कुणी असं ओरडतं का? क्षमा माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, कारण तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग तोंड.

आवाज थांबला तेव्हा आप्पासो मिशी चोखत होते. त्यांनी एकदा चोखली, थांबले, परत चोखली. चेहरा हळूहळू कडक झाला.

“शिवा. ही दारू हाय. कुनाची हाय ही?”

शिवतेजचा चेहरा पांढरा पडला. भोक दाबून बसलेला जो पोरगा आत्तापर्यंत माझ्यावर गरजत होता, तो बापासमोर एवढासा झाला. ज्ञानदानं माझ्याकडे पाहिलं. मी काही ठरवलं नव्हतं. खरं तर त्या महिन्यात मी ठरवून केलेलं एकही काम धड झालं नव्हतं.

“माझी,” मी म्हणालो.

“तुमची?” आप्पासो बघतच राहिले. “पावणं, तुमी? ह्या वयात?”

“मूतखडा आहे,” खिडकीतून नानासो म्हणाले. त्यांना मदत करायची होती.

हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पासो उठून माझ्याजवळ आले, माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू, फार मायेनं म्हणाले, “औषध म्हनून घ्या, आमचं काय न्हाई. पर येक इनंती हाय, पावणं. आमच्या शिवाला सवय लावू नगा. लय साधं पोरगं हाय त्ये.”

मी वचन दिलं. निवृत्तीपर्यंत ज्याच्या फायलीवर एक डाग नव्हता, तो मी, व्याह्यांच्या लेखी आता पक्का दारूडा होतो. गावी जाऊन ते कुणाकुणाला काय सांगतील, याचा मी विचारच केला नाही.

बायका आमरसातून नळ काढायला गेल्या. आप्पासो फेटा वाळत घालायला गच्चीवर गेले. कोठीत आम्ही दोघंच उरलो. शिवतेज अजून उपरणं दाबून बसला होता. त्यानं मान खाली घातली.

“थँक्यू, सर,” तो म्हणाला. “आणि सॉरी. मघाशी आवाज चढला. असं बोलायला नको होतं मी. परत नाही होणार, सर.”

परत नाही होणार! पिंप गेलं, आमरस गेला, अब्रू गेली, आणि एवढं करून पुन्हा सर?

“ठीक आहे,” मी म्हणालो. “आता काय करायचं याचं?”

“काही नाही सर. वर अजून बराच दाब अडकलाय. मी हळूहळू सोडतो. तोवर फक्त त्या पाट्याला कुणी हात लावायला नको.”

मी पाट्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुढं झालो आणि पाट्यावर हात ठेवला.

“आवं मामा!” तो किंचाळला. “हात काडा! हात काडा आदी, मामा!”

“काढतो, काढतो,” मी म्हणालो, आणि हात तिथंच ठेवला.